अर्ध्या सुताचा फरक

माझ्या सुगंधाआत्याचं लग्न तीनदा जमता जमता मोडलं, आणि तिन्ही वेळा कारण एकच. ती हसली. पहिल्या वेळी पाहुण्यांतला एक म्हातारा बशीतला चहा पिताना फुर्र करून बसला. दुसऱ्या वेळी मुलाच्या मामानं "स्वयंपाक येतो का?" असं विचारलं आणि ऐकायला कमी असलेल्या आमच्या आज्यानं "मना कुठं येतो, बायका करतान," असं मोठ्या गंभीरपणे उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी काहीच घडलं नाही. सगळे इतके शहाण्यासारखे बसले होते की तेवढ्यावरूनच तिला हसू फुटलं. त्यानंतर बाबांनी तिच्यासाठी स्थळं बघणं सोडून दिलं. आत्यानंही सुटल्यासारखा श्वास टाकला आणि ती बाबांच्या गाळ्यावर कामाला जाऊ लागली. बारावी झाल्यावर मीही तिच्या मागोमाग गेले. घरात बसून माझी स्थळं येण्याची वाट बघायची, त्यापेक्षा लाकडाचा भुसा बरा.

आम्ही खारबावकडचे. घर गावात, आणि गाळा भिवंडीत, चारी बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांत बुडालेला. बाबा पाट, पोळपाट, चौरंग करायचे, मागणी असली तर दरवाजेसुद्धा. सकाळी आई आम्हा दोघींचे डबे भरायची: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कांद्यात परतलेला सुका जवळा. जवळ्याचा वास डब्यातून सुटायचा आणि बाबांच्या स्कूटरवर मागं बसलेल्या आम्ही दोघी रस्ताभर भुकेल्या व्हायचो. गाळ्यावर पोचलं की पहिल्यांदा कान भरून जायचे. लूमची खटखट कानांनी ऐकायची गोष्ट नव्हती, ती पायांतून वर चढायची. आम्ही तिथं एकमेकांशी बोलत नसू, ओरडत असू, आणि संध्याकाळी घरी आल्यावरही आवाज खाली यायला तासभर लागे. आई म्हणायची, "हळू बोला गो, हतं लूम न्हाय." आजही मी फोनवर ओरडते. माझी मुलं फोन कानापासून वीतभर लांब धरतात.

गाळ्यात आत्याचं काम घासण्याचं. पाट तयार झाला की पॉलिश पेपर घेऊन ती तो घासायची, आधी जाड कागदानं, मग बारीक. पंधरा वर्षं तिनं हेच केलं होतं. तिचा तळहात असा झाला होता की डोळे मिटून पाटावरून फिरवला तरी कुठं काय राहिलंय ते ती सांगायची. पण त्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात मागं जाईना. तिनं कुणाला सांगितलं नाही, नुसती वेणी घालायला माझ्याकडं येऊ लागली. बाबांनी ते पाहिलं. बाबा बोलणारे नव्हते. एक दिवस ते नुसते कुठंतरी गेले आणि टेंपोत दोरखंडानं बांधलेली एक जुनी मशीन घेऊन आले.

तिचं नाव ड्रम सँडर. आत्यानं पाच मिनिटांत तिचं बारसं केलं, "ढोल." वर एक आडवा लोखंडी ढोल, त्याच्याभोवती गुंडाळलेला पॉलिश पेपर. खाली टेबल, टेबलावरून सरकत जाणारा रबरी पट्टा. पट्ट्यावर पाट ठेवायचा, तो ढोलाखाली सरकतो, ढोल गरगर फिरत वरचं लाकूड घासतो, आणि पलीकडून पाट गुळगुळीत होऊन बाहेर येतो. बाजूला एक चाक होतं. ते फिरवलं की टेबल वर-खाली होई. आत्या त्या मशीनभोवती नव्या नवरीला बघावं तशी फिरली. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना समोर उभं करून सांगितलं, "मशीन मी चालवीन. तुम्ही लांबून पाट द्यायचा. आत हात घालायचा न्हाय." बोलताना त्यांनी उजवा हात वर केला होता. त्या हाताचं तिसरं बोट अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी जन्मायच्या आधी एका कटरनं नेलं होतं.

पहिला पाट बाहेर आला. दिसायला आरसा. बाबांनी तो आत्याच्या हातात दिला. तिनं डोळे मिटून हात फिरवला, मग पाटाच्या दोन्ही कडा चिमटीत धरून म्हणाली, "भाऊ, ही बाजू जाड हाय." बाबांनी पट्टी लावली. उजवी कड डावीपेक्षा अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जाड. दुसरा पाट घातला, तेच. पाट उलटा फिरवून पुन्हा घातला, तर आता दुसरी बाजू जाड. म्हणजे पाटाची चूक नव्हती, मशीनच एका बाजूला कमी घासत होती.

ज्याच्याकडून मशीन आणली तो दलाल येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मशीन एक नंबर आहे, तुमची जमीन वाकडी आहे." झालं. पुढचे पंधरा दिवस बाबा जमिनीच्या मागं लागले. मशीनवर लेव्हलची बाटली ठेवायची, आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायांखाली फरशीचे तुकडे सरकवायचे. बुडबुडा मधोमध येई, बाबा श्वास रोखून पाट घालत, आणि पाट अर्ध्या सुतानं जाड बाहेर येई. शेवटी त्यांनी चार माणसं बोलावून मशीन गाळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तिथं पुन्हा बाटली, पुन्हा फरशी. पुन्हा उजवीकडं तेच अर्धं सूत.

त्या दिवशी भाकरी खाताना माझ्या डोक्यात आलं: जमीन बदलली आणि फरक तोच राहिला, तर मग दोष जमिनीचा कसा? पाट काही जमिनीवरून जात नाही. तो टेबल आणि ढोल यांच्यामधून जातो. त्या दोघांतलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं असलं की झालं, मग मशीन उतारावर का उभी असेना. मी हे आत्याला सांगितलं. तिनं घास तोंडात तसाच धरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "भाऊनं पंधरा दिवस बुडबुडा बघितला गो!" आणि जवळा तिच्या नाकात गेला.

बाबांना मी तेच सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तू बारावीला गणितात किती काढलंस ते मना माहीत हाय." विषय संपला. शनिवारपर्यंत मशीन परत दिली तर दलाल घ्यायला तयार होता, आणि तो वार होता बुधवार.

मशीनच्या पोटात वाकून बघितल्यावर मला सगळं दिसलं. टेबल चार कोपऱ्यांतल्या चार उभ्या स्क्रूंवर उभं होतं. प्रत्येक स्क्रूच्या बुडाला सायकलला असते तशी दातेरी चक्री, आणि चारी चक्र्यांभोवती एकच चेन. चाक फिरवलं की चेन फिरते, चारी स्क्रू सारखे फिरतात, टेबल सपाट वर जातं. पण टेंपोतून उतरवताना माणसांनी मशीनला उजव्या बाजूनं दोरखंड घातला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उजवीकडच्या दोन चक्र्यांवरून चेन काही दात घसरली असणार. माझ्या सायकलची चेन रोज पडायची. चेनला मी भीत नव्हते.

अडचण एकच होती, ती म्हणजे आवाज. टेबल आणि ढोल कुठं टेकतात ते ढोलाच्या खालच्या अंधारात दिसत नाही, ऐकावं लागतं. आणि आमच्या गल्लीत ऐकायला कुठं येत होतं? पण तेव्हा भिवंडीत दुपारी भारनियमन असायचं. ठरल्या वेळी वीज जायची आणि गल्लीतले सगळे लूम एकाच क्षणी थांबायचे. ती शांतता अशी पडायची की माणसं दचकून एकमेकांकडं बघायची. लांबचा कोंबडा ऐकू यायचा. लूमवरची माणसं बाहेर येऊन पायरीवर बिड्या ओढायची, आणि बाबा जेवायला आणि लवंडायला स्कूटरवरून घरी जायचे. ते तीन तास आमचे होते.

बुधवारी स्कूटर वळणाआड गेली तशी आम्ही उठलो. पहिलं काम मी केलं ते मशीनचा फ्यूज काढला. वीज मध्येच आली तर? बाबांचं अर्धं बोट माझ्या डोळ्यांपुढं होतं. चिनीमातीचा तो पांढरा फ्यूज हरवू नये म्हणून रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. मग सागाच्या एकाच पट्टीतून दोन सारखे ठोकळे कापले, ढोलाखाली टेबलावर एक डावीकडं ठेवला, एक उजवीकडं. आत्या हातानं हळूहळू ढोल फिरवत होती, मी चाकानं टेबल वर घेत होते. थोडं वर, आणखी थोडं. आणि डाव्या ठोकळ्यावर कागद घासला: खस्स. उजवीकडं काहीच नाही. पुन्हा फिरवला. डावा खस्स, उजवा गप्प. आम्ही दोघी टेबलाशी कान नेऊन ते खस्स ऐकत होतो आणि कुठलं गाणंसुद्धा मला त्या दिवशी इतकं गोड लागलं नसतं.

चेन उजवीकडच्या चक्र्यांवरून उतरवली. उजवीकडच्या दोन्ही चक्र्या तीन-तीन दात फिरवल्या, ठोकळा घातला. फट वाढली होती.

"उलटं फिरवलंस गो!" आत्या म्हणाली आणि तिला हसू फुटलं. तिचं हसू लागण होणारं होतं. मी म्हटलं, "आत्या, वेळ कमी हाय," आणि ते वाक्य पुरं होण्याआधी मीही गेले. पोट धरून आम्ही भुशात लोळलो. बाहेर पायरीवरून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "दोनों का दिमाग फिर गया." तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. चेन कशीबशी चढवली, कपडे झटकले आणि पाट घासायला बसलो.

वीज आली, लूम सुरू झाले. बाबांनी मशीनचं बटण दाबलं. मशीन ढिम्म. पुन्हा दाबलं. दिवे चालू, पंखा चालू, मशीन मेलेली. मी आत्याकडं पाहिलं, आत्यानं डब्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबला. डबा बाबांच्या पायाशी होता! त्यांच्यासमोर फ्यूज काढायचा कसा, आणि सांगायचं काय? बाबांनी वायर ओढून बघितली, मशीनला थापट मारली, दलालाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि खिशातून मोबाईल काढून टेंपोवाल्याला लावला. "शनवारी सकाळी टेंपो पाठव," ते लूमच्या खटखटीत ओरडून म्हणाले. "हां, तीच मशीन. आता बंदपण पडली."

म्हणजे जे व्हायला नको होतं ते आम्हीच लवकर आणलं होतं. संध्याकाळी घरी आई डबे घासायला बसली. तिनं माझा डबा उघडला, फ्यूज दोन बोटांत धरून वर केला आणि विचारलं, "हे काय गो? भाजी?" मी तिला सगळं सांगितलं. आई हसणारी नव्हती. तिनं फ्यूज पुसला, फडक्यात गुंडाळला आणि सकाळी माझ्या भाकरीच्या घडीत घालून दिला. एवढंच म्हणाली, "सुगंधाच्या खांद्याला रात्री मी तेल लावते. मना माहीत हाय कसा दुखतो तो."

गुरुवारी बाबा चहा आणायला गेले तेवढ्यात मी फ्यूज बसवला. बाबांनी सहज म्हणून बटण दाबलं तर मशीन घुंईं करून सुरू झाली. ते दोन पावलं मागं सरकले. "आज चालते, उद्या बंद. असली लहरी मशीन मना नको," म्हणाले. आत्या कोपऱ्यात तोंड फिरवून पाट घासत होती. तिचे खांदे हलत होते, घासण्यामुळं नव्हे.

त्या दुपारी आम्ही नीट काम केलं. फ्यूज काढून मी ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवला. चेन पूर्ण उतरवली. या वेळी उलट्या बाजूनं, दर वेळी एकच दात: आधी पुढची चक्री, मग मागची. प्रत्येक दातानंतर आत्या ढोल फिरवायची आणि आम्ही श्वास रोखायचो. चुकीचे तीन दात परत आले. मग चौथा. पाचवा. सहावा. सातव्याला उजव्या ठोकळ्यावरून कागद नुसता निसटला, कुजबुजल्यासारखा. आठव्याला डावीकडून खस्स, उजवीकडून खस्स. आत्यानं डोळे मिटले. "पुन्हा," ती म्हणाली. मी ठोकळे पुन्हा सरकवले, तिनं ढोल फिरवला. दोन्हीकडून एकच आवाज, जुळ्या बहिणींनी हाक मारावी तसा. आम्ही ठोकळे अदलून बदलून पाहिले, तरी तोच. आत्या उठली, माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही भुशात फुगडी घातली. चौतीस वर्षांची बाई आणि अठराची मी, धाप लागेपर्यंत! दुखऱ्या खांद्याची तिला त्या वेळी आठवणसुद्धा नव्हती.

मग चेन चढवायला गेलो तर चेन चढेना. तीन चक्र्यांवर बसायची आणि चौथीवर आखडायची, आणि ओढावं तर दात हलायची भीती. पंधरा मिनिटं गेली. शेवटी मी बाहेर पायरीवर बसलेल्या रहमतचाचांना बोलावलं. ते शेजारच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. चाचा आत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ताण की चक्री तो ढीली करो पहले." चेनला ताण देणारी एक पाचवी छोटी चक्री होती. ती मला दिसलीच नव्हती. त्यांनी पान्हा मागितला, मग थांबले आणि तो माझ्याच हातात दिला. "तूने खोला है, तू ही कस." मी कसत असताना ते म्हणाले, "ये सब किसने सिखाया?"

"सायकलनं," मी म्हटलं.

शेवटचा बोल्ट कसून मी मशीनखालून बाहेर आले तर दारात बाबा उभे होते. आज ते लवकर आले होते. त्यांनी मशीन उघडी पाहिली, माझे ग्रीसनं काळे झालेले हात पाहिले, आत्याचा हात अजून ढोलावर होता तो पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं ते ओरडतील. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"लाईट आली असती तर?" ते म्हणाले. "हात आत होता तिचा. लाईट आली असती तर काय झालं असतं गो?"

रहमतचाचा खाली बघू लागले. मी ओढणीची गाठ सोडली आणि फ्यूज बाबांच्या तळहातावर ठेवला, त्या अर्ध्या बोटाशेजारी.

बाबांनी तो उलटापालटा करून पाहिला. मग त्यांनी मान वर केली. "काल," ते सावकाश म्हणाले, "काल पण हाच?"

"डब्यात होता," मी म्हटलं.

आत्यानं खूप धरलं होतं, पण आता तिचा बांध फुटला. ती ढोलाला टेकून हसत सुटली आणि मधूनमधून म्हणत होती, "भाऊ, तुझ्या... तुझ्या पायाशी..." मी बाबांकडं पाहिलं, आता काय होतंय म्हणून. त्यांच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या. आणि मग माझा बाप हसला. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं, निदान असं नाही. आवाज तोच होता, आत्याचाच, फक्त जाड. त्या दिवशी मला कळलं की हसू या घरात दोघांनाही मिळालं होतं, एकानं ते फक्त दाबून ठेवलं होतं. रहमतचाचांना कशाला हसायचं ते माहीत नव्हतं, पण तेही हसले.

वीज आली तेव्हा फ्यूज बाबांनी स्वतः बसवला. आत्यानं पाट दिला. ढोलाखालून तो हळूहळू सरकत गेला, आणि पलीकडं बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. चारी कोपऱ्यांना पट्टी लावली, पुसून पुन्हा लावली, मग पाट आत्याकडं दिला. तिनं कडा चिमटीत धरल्या, डोळे मिटले. मग मान डोलावली. लूमच्या खटखटीत बाबा माझ्या कानाशी येऊन ओरडले, "जमीन वाकडी हाय म्हणं!" त्या संध्याकाळी त्यांनी गाळ्याच्या दारात उभं राहून ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन लावला. एरवी दोन शब्दांत संपणारे फोन. फक्त टेंपोवाल्याला फोन करायचं ते विसरले, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी टेंपो दारात उभा राहिला. टेंपोवाला खाली उतरला, दोरखंड खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "मशीन किधर है?"

"मशीन नहीं," बाबा म्हणाले. "मिस्त्री जायेंगे." आणि त्यांनी पान्ह्यांची पिशवी माझ्या हातात दिली. अंबाडीला त्यांचे मित्र भास्करशेठ यांचा दरवाजांचा कारखाना होता, आणि त्यांचीही मशीन सहा महिने एका बाजूनं जाड घासत होती. टेंपोचं सांगून झालेलं होतं, तो रिकामा का घालवायचा, असं बाबांचं म्हणणं. आत्या पुढच्या सीटवर आधीच चढून बसली होती. साडी नवी होती. वेणीत अबोलीचा गजरा होता, आणि तो माळून घ्यायलाही ती माझ्याकडंच आली होती.

अंबाडीपर्यंत आम्ही काय काय बोललो ते आठवत नाही. खड्डा आला की दोघी उडायचो आणि हसायचो, एवढं आठवतं. कारखान्याच्या दारात भास्करशेठ वाट बघत होते. आम्ही उतरलो, तरी ते आमच्या डोक्यांवरून टेंपोच्या मागच्या बाजूला बघत राहिले. मग पडदा वर करून आतही बघितलं. आत कुणी नव्हतं.

"मिस्त्री कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी आत्याकडं पाहिलं. मोठी तीच होती, बोलायला तिनंच हवं होतं. पण तिचा पदर तोंडाशी गेला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिच्याकडून काही होणार नाही हे उघड होतं. मग मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, ताठ उभी राहिले आणि भिवंडीच्या आवाजात, नको तितकं मोठ्यानं म्हणाले, "मीच."